मेंढीचे वजन आणि तिची शरीरघटना

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ हे गाव समर्थ रामदासस्वामींचे जन्मस्थान म्हणून सर्व महाराष्ट्राला परिचित आहे. येथे १६०८ साली रामनवमीच्या दिवशी समर्थांचा जन्म झाला. रामनवमीच्या सुमारास या भागात येणाऱ्यास दुतर्फा रिकामी झालेली काळी राने लागतात आणि त्या रानांत, चैत्राच्या उन्हात, एकमेकींच्या सावलीत डोकी लपवून उभ्या असलेल्या मेंढ्याही दिसतात. तूर निघालेली, हरभरा निघालेला, कडब्याच्या गंजी लागलेल्या. उरले ते धसकटांतले चारदोन पाले आणि बांधावरच्या बाभळींच्या शेंगा. दक्षिणेकडे गोदावरी आणि तालुक्यातून गेलेला जायकवाडीचा डावा कालवा यांमुळे काही गावांत उसाची हिरवाई असली, तरी मेंढीच्या वाट्याला प्रामुख्याने कोरडवाहू रानच येते.

अशा वेळी मेंढपाळापुढे नेहमीचा प्रश्न उभा असतो. पैशाची नड आहे. कोणती मेंढी काढावी आणि कोणती ठेवावी? व्यवहार होतो तो अंदाजे वजनावर. ही पंचवीस किलोची, ती तीस किलोची, असे बोलणे होते. परंतु तीस किलो म्हणजे नेमके काय तीस किलो, हे कोणी विचारीत नाही. दोन मेंढ्या काट्यावर सारख्या उतरतात. त्यांपैकी एकीच्या अंगी पुढील वेत सुखरूप पार पाडण्याची शिदोरी असते आणि दुसरीच्या अंगी पाणी व पोटातला कडबा याखेरीज फारसे काही नसते. हा फरक आहार, वय आणि गाभणपण या तीन कारणांनी कसा पडतो, याचा उलगडा शास्त्रज्ञांनी गेल्या दीडशे वर्षांत बराच केला आहे. मराठवाड्यातील दख्खनी मेंढी पाळणाऱ्यास त्याचा उपयोग मोठा आहे.

अंगात असते काय?

मेंढीचे शरीर स्थूलमानाने चार पदार्थांचे बनलेले असते : पाणी, चरबी, प्रथिने आणि क्षार. मांस म्हणून आपण जे ओळखतो त्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो. या चार पदार्थांपैकी सर्वांत चंचल पदार्थ चरबी होय. ती सुगीत साठते, तोट्यात खर्ची पडते. आणि ती वाढली की शरीरातील पाण्याचे शेकडा प्रमाण घटते, ती घटली की पाण्याचे प्रमाण वाढते.

ही गोष्ट इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे लॉज व गिल्बर्ट या दोघा संशोधकांनी १८५९ साली प्रसिद्ध केलेल्या कामातून प्रथम स्पष्ट झाली. त्यांनी निरनिराळ्या अवस्थांतील दहा जनावरे मारून त्यांच्या संपूर्ण शरीराचे रासायनिक पृथक्करण केले. त्यांत मेंढ्याही होत्या. विशेष खुराक न मिळालेल्या मेंढीच्या शरीरात पाणी ५७.३ टक्के व चरबी १८.७ टक्के निघाली. खुराक देऊन पुष्ट केलेल्या मेंढीत पाणी ४३.४ टक्क्यांवर आले आणि चरबी ३५.६ टक्क्यांवर गेली. अतिपुष्ट मेंढीत तर चरबीने पाण्याला मागे टाकले, पाणी ३५.२ टक्के, चरबी ४५.८ टक्के. ते आकडे विलायती मेंढीचे आहेत. आपल्याकडील दख्खनी मादी पूर्ण वाढीची असता सुमारे २८ ते ३० किलो भरते आणि तिच्या अंगी एवढी चरबी कधी चढत नाही. तथापि नियम तोच आहे.

पुढे आणखी एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात आली. शरीरातील चरबी वजा केली, तर उरलेल्या भागात पाण्याचे प्रमाण वाढ पूर्ण झालेल्या जनावरात जवळजवळ ठरलेले असते. ते सुमारे ७३ टक्के भरते. याचा अर्थ असा की, जिवंत मेंढीच्या अंगातील पाणी मोजता आले, तर तिला न मारता तिची चरबीही काढता येते. त्यासाठी शास्त्रज्ञ ट्रिशियम किंवा जड पाणी यांचा उपयोग करतात. हौदात किती पाणी आहे हे ठाऊक नसेल, तर मोजून मीठ टाकावे, ते सर्वत्र मिसळू द्यावे आणि मग खारटपणा मोजून पाण्याचा हिशेब करावा, तसाच हा प्रकार. खूण केलेले थोडे पाणी मेंढीच्या रक्तात सोडतात, काही तासांनी रक्ताचा नमुना घेतात आणि ते किती विरळ झाले यावरून अंगातील एकूण पाणी ठरवितात. यात एक अडचण मात्र आहे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोटीपोटात, म्हणजे पहिल्या मोठ्या पोटात, कायम चारा-पाण्याचा रांधा भरलेला असतो आणि हे खूण केलेले पाणी तेथेही शिरते. म्हणून अशा मोजणीपूर्वी मेंढीला उपाशी ठेवावे लागते आणि तरीही काही चूक राहतेच.

कोटीपोटाची ही अडचण केवळ प्रयोगशाळेपुरती नाही. चरून आलेल्या मेंढीच्या वजनातील पाचवा हिस्सा हा पोटातला चारा व पाणी असू शकतो. गंमत अशी की, चारा जितका निकृष्ट तितका तो पोटात अधिक काळ रेंगाळतो. हिरवा कोवळा पाला लवकर पचून पुढे सरकतो; वाळलेला कडबा किंवा भुसकट मात्र जागा अडवून बसते. त्यामुळे उन्हाळ्यात पोट सुटलेली मेंढी लांबून भरदार दिसते. तिचे पोट मोठे असते, अंग नव्हे.

वय वाढते तसे

नुकत्याच जन्मलेल्या कोकराच्या अंगात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते आणि चरबी वजनाच्या जेमतेम दोन-तीन टक्के. ही थोडीशी चरबीही निराळ्या जातीची असते. तिला तपकिरी चरबी म्हणतात. ती मुख्यतः मूत्रपिंडांभोवती असते आणि तिचे काम साठवणीचे नसून ऊब निर्माण करण्याचे आहे. कार्तिक-मार्गशीर्षातल्या रात्री उघड्या वाड्यावर ओल्या अंगाने जन्मलेले कोकरू पहिले काही तास या चरबीवर तग धरते. त्यानंतर पोटात आईचा चीक गेला नाही, तर ते गारठून जाते. पहिल्या तासा-दोन तासांत चीक पाजावा, हा सल्ला यासाठीच दिला जातो.

वाढीचा क्रम निसर्गाने ठरवून दिलेला आहे. केंब्रिजचे जॉन हॅमंड यांनी १९३२ साली मेंढीच्या वाढीवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात हा क्रम मांडला आहे. आधी मेंदू व मज्जा, मग हाड, मग स्नायू आणि सर्वांत शेवटी चरबी. अवयवांतही तसेच आहे. डोके व पाय आधी वाढतात, कंबर सर्वांत मागून भरते. म्हणून कोकरू डोक्याने मोठे व पायांनी लांब दिसते आणि पुष्ट झालेल्या जनावराची ओळख त्याच्या कमरेवर पटते.

या क्रमाचा पैशाशी थेट संबंध आहे. एक किलो मांस अंगावर चढते तेव्हा त्यात बहुतांश पाणी असते. त्यात साठणारी ऊर्जा सुमारे १,२०० उष्मांक एवढीच असते. एक किलो चरबी चढते तेव्हा मात्र सुमारे ८,००० उष्मांक साठवावे लागतात. म्हणजे चरबीचा एक किलो हा मांसाच्या एका किलोपेक्षा साठवलेल्या ऊर्जेच्या दृष्टीने सहा-सात पट महाग पडतो. तीन-चार महिन्यांच्या कोकराला दिलेला खुराक मुख्यतः हाडामांसात जातो, तर पूर्ण वाढलेल्या मेंढ्याला दिलेला तोच खुराक चरबीत जातो आणि काट्यावर त्याचा परिणाम थोडाच दिसतो. खुराकाचा पैसा हाताशी बेताचाच असेल, तर तो कोणत्या तोंडी घालावा हे यावरून उघड होईल. म्हातारा मेंढा पोसून विकण्यापेक्षा वाढते कोकरू पोसणे केव्हाही फायद्याचे.

कोकरावस्थेत भूक आणि पुढे भरपूर चारा, किंवा याउलट, असे झाले तर काय? याचा प्रयोग पालसन व व्हर्जेस यांनी केला व तो १९५२ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी कोकरांचे गट केले. काहींना आरंभी भरपूर व मागून कमी, तर काहींना आरंभी कमी व मागून भरपूर खाद्य दिले. सर्वांचे मांस सारख्याच वजनाला आणून तपासले असता, आरंभी उपाशी व मागून पुष्ट झालेल्या कोकरांत चरबी अधिक निघाली. मागाहून, १९६४ मध्ये, इतरांनी हेच आकडे पुन्हा चाळून पाहिले. तेव्हा असे दिसले की, चरबी बाजूला ठेवली तर हाड आणि मांस यांच्या आपसातील प्रमाणात फारसा फरक पडलेला नव्हता. म्हणजे उपासमारीने किंवा खुराकाने मुख्यतः हलते ती चरबी. हाडामांसाचे नाते शरीर सहसा बिघडू देत नाही. एकच शिवार, एकच कळप, पण मार्गशीर्षात जन्मलेले कोकरू आणि फाल्गुनात जन्मलेले कोकरू यांच्या वाढीची वाट वेगळी का असते, हे समजून घेण्यास हा प्रयोग उपयोगी आहे. पहिल्याच्या आईला रब्बीच्या रानातला पाला मिळतो. दुसऱ्याचे बालपण उन्हाळ्यात जाते आणि त्याच्या भरण्याचे दिवस पावसाळ्यात येतात.

म्हातारपणाविषयी थोडक्यात सांगता येईल. मेंढीला साधारणतः दीड वर्षाच्या आत-बाहेर कायमचे दोन दात येतात, पुढे वर्षागणिक एकेक जोडी वाढत चौथ्या वर्षाच्या सुमारास आठ दात पुरे होतात. त्यानंतर ते झिजतात, हलतात, पडतात. दात गेलेल्या मेंढीला आखूड गवत तोडता येत नाही आणि कळपाबरोबर दिवसभर चालूनही ती अर्धपोटी राहते. ती रोडावली की दोष दाण्याचा नसून दातांचा असतो. ओठ वर करून पाहण्यास काहीच खर्च येत नाही.

गाभणपणाचा हिशेब

येथे काटा सर्वांत जास्त फसवितो, म्हणून हा भाग सविस्तर पाहू.

मेंढी सुमारे १५० दिवस गाभण राहते. दख्खनी मेंढ्या बहुतांशी पावसाच्या आरंभी, आषाढ-श्रावणात, फळतात आणि मार्गशीर्षाच्या मागेपुढे वितात. काही मेंढ्या दिवाळीच्या सुमारास फळून उन्हाळ्याच्या तोंडावर वितात. गर्भाची वाढ पाचही महिन्यांत सारखी होत नाही. पहिले तीन महिने गर्भ लहान असतो. या काळात वार तयार होते आणि सुमारे नव्वदाव्या दिवसापर्यंत तिची वाढ पुरी होते. कोकराच्या जन्मवजनापैकी जवळजवळ ७० टक्के वजन शेवटच्या सहा आठवड्यांत वाढते. म्हणजे मधल्या महिन्यांत आईची उपासमार झाली, तर वार लहान राहते आणि पुढे कितीही खुराक दिला तरी तो त्या अरुंद दारातूनच जावयाचा. आणि शेवटच्या सहा आठवड्यांत उपासमार झाली, तर दार मोठे असूनही आत जाण्यास काही नसते.

त्यात आणखी एक भर पडते. वाढता गर्भ पोटातील जागा व्यापतो आणि कोटीपोट आकसते. गरज वाढते तेव्हाच मेंढीच्या पोटात चारा कमी मावतो. नुसत्या कडब्यावर किंवा वाळलेल्या गवतावर ही तूट भरून निघत नाही. ती भरून काढण्यासाठी मेंढी आपल्या अंगची चरबी मोडते.

एक हिशेब मांडून पाहू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतलेले आहेत. समजा, आषाढात फळलेली मेंढी ३० किलोची आहे. त्यात पोटातील चारा-पाणी ५ किलो, चरबी ४ किलो आणि बाकी हाड, मांस, रक्त मिळून २१ किलो. कार्तिक उलटल्यावर, विण्याच्या दोन दिवस आधी, तिचे वजन केले तर ते ३२ किलो भरले. मेंढी दोन किलोंनी वाढली, असे समाधान मालक मानील. परंतु त्या ३२ किलोंत पावणेतीन किलोंचे कोकरू आहे. वार, गर्भजल व वाढलेले गर्भाशय मिळून आणखी सव्वादोन किलो आहेत. हे ५ किलो गेले, राहिले २७. पोटातील चारा आता साडेचार किलो. हाडामांसाचे २१ किलो कायम आहेत असे धरले, तर चरबी उरली फक्त दीड किलो. काट्याने दोन किलोंची वाढ दाखविली. मेंढीने मात्र आपल्या साठ्यातील निम्म्याहून अधिक चरबी खर्च केली.

ती विते, काटा २७ किलोंवर येतो. आता दूध द्यावयाचे. पहिल्या तीन-चार आठवड्यांत दूध सर्वाधिक असते आणि त्या वेळी चरबीचा उपसा चालूच राहतो. पण विल्यानंतर पोटाला जागा मिळाल्यामुळे मेंढी अधिक चारा खाते, अधिक पाणी पिते. एक किलो चरबी गेली आणि एक किलो पाणी व चारा आला, तर काटा जागचा हलत नाही. मेंढी २७ किलोंचीच राहते आणि आतून रिकामी होते. दुभत्या मेंढ्यांच्या मोजणीत शास्त्रज्ञांना नेमके हेच आढळले : वजन जवळपास स्थिर, चरबीत मोठी घट, पाण्यात वाढ.

येथे प्रथिनांचे महत्त्व ध्यानात घेतले पाहिजे. अंगच्या चरबीतून मेंढीला ऊर्जा मिळते, परंतु दुधातील प्रथिने चरबीपासून बनत नाहीत. प्रथिनांचा साठा म्हणून शरीरात वेगळे कोठार नाही. मोडावयाचे तर स्नायूच मोडावे लागतात आणि ते फार काळ चालत नाही. म्हणून ओल्या बाळंतिणीप्रमाणे मेंढीलाही सरकीची किंवा शेंगदाण्याची पेंड थोडी का होईना द्यावी. प्रथिनांची जोड मिळाली, तर अंगची चरबीही दुधाच्या कामी अधिक चांगली येते. केवळ मका किंवा ज्वारी भरडून दिल्याने हे काम पुरतेपणी होत नाही.

पाणी चरबीची आणि मांसाची जागा कशी घेते, याचे एक उघड उदाहरण मेंढपाळांच्या नेहमी पाहण्यात असते. पोटात रक्तपिपासू जंत फार झाले की रक्तातील प्रथिने घटतात आणि जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबू लागते. अशा मेंढीला दावणीला बांधून खुराक चारणे म्हणजे जंतांना जेवण घालणे होय. आधी लेंड्या तपासून घेऊन जंतनाशक पाजावे.

हात काय सांगतो

मग मेंढीची खरी अवस्था ओळखावी कशी? प्रत्येक वाड्यावर ट्रिशियम नेता येणार नाही. दुंब्याच्या जातीच्या मेंढ्यांची चरबी शेपटीत साठते, ती दुरूनच दिसते. दख्खनी मेंढीची शेपटी आखूड व बारीक. तिची पुंजी पाठीवर, मूत्रपिंडांभोवती आणि आतड्यांवरील पडद्यात असते. वरून लोकर. डोळ्यांनी पाहून अंदाज करणे कठीणच.

ऑस्ट्रेलियातील टास्मानिया बेटावर जेफरीज यांनी १९६१ साली यासाठी एक सोपी पद्धत सुचविली. शेवटच्या बरगडीमागे, कमरेवर, हात ठेवावा. मध्यभागी कण्याची टोके लागतात. दोन्ही बाजूंना मणक्यांची आडवी टोके लागतात. ही टोके किती धारदार, त्यांच्यामध्ये मांस किती भरलेले आणि वर चरबीचा थर किती, यावरून शून्य ते पाच असे गुण द्यावयाचे. टोके सुरीसारखी टोचली आणि आडव्या टोकांखाली बोटे सहज गेली, तर एक गुण. कण्याची टोके लागतात पण ती गुळगुळीत आहेत, बोटे आत घालण्यास थोडा दाब द्यावा लागतो, तर दोन. दाबल्यावरच हाड लागते व कंबर भरलेली आहे, तर तीन. चार आणि पाच गुणांच्या मेंढ्या आपल्या रानांत शोधूनही क्वचितच सापडतील. रसेल, डोनी व गन या स्कॉटलंडमधील संशोधकांनी १९६९ साली या पद्धतीची परीक्षा घेतली. त्यांनी मेंढ्यांना हाताने गुण दिले, नंतर त्या मारून त्यांच्या शरीरातील चरबी प्रत्यक्ष मोजली. चरबीचा अंदाज करण्यास मेंढीच्या वजनापेक्षा हातच अधिक विश्वासार्ह ठरला.

ही परीक्षा आपल्याकडे नवी आहे असे मात्र नाही. बाजारात मेंढरे घेणारा व्यापारी काट्याकडे नंतर पाहतो. आधी त्याचा पंजा मेंढीच्या कमरेवर पडतो. लोकरीतून बोटे रुतवून तो क्षणात भाव मनाशी ठरवितो. ही विद्या विकत घेणाऱ्याजवळ आहे. पाळणाऱ्याने ती विक्रीच्या दिवशीच नव्हे, तर वर्षातून तीन वेळा वापरावी, एवढेच सांगावयाचे आहे : मेंढा सोडण्यापूर्वी तीन-चार आठवडे, विण्यापूर्वी सहा आठवडे आणि कोकरांचे दूध तोडताना.

मेंढा सोडण्यापूर्वी अडीच ते तीन गुण असावेत. परदेशी पुस्तकांत साडेतीनपर्यंतचा आकडा दिलेला असतो, पण तो तिकडच्या जातींसाठी व तिकडच्या कुरणांसाठी आहे. दख्खनी मेंढीने जेष्ठाअखेर अडीच गुण राखले तरी ती उत्तम अवस्था मानावी. त्याहून उतरलेल्या मेंढ्यांना मेंढा सोडण्याआधी दोन-तीन आठवडे रोज पाव किलोच्या आतबाहेर खुराक दिला, तर माजावर येणाऱ्या व फळणाऱ्या मेंढ्यांची संख्या वाढते. ही पद्धत फ्लशिंग या नावाने ओळखली जाते. आधीच भरलेल्या मेंढीवर तिचा फारसा परिणाम दिसत नाही. म्हणून सर्व कळपाला सरसकट खुराक टाकण्याऐवजी हात लावून निवड करणे पैशाच्या दृष्टीनेही बरे. विण्यापूर्वीच्या सहा आठवड्यांत दोन गुणांखालील मेंढ्या वेगळ्या काढाव्यात आणि त्यांना रोज २०० ते २५० ग्रॅम खुराक द्यावा. तुरीचे भुसकट, हरभऱ्याचे भूस, सुबाभळीचा पाला, बाभळीच्या शेंगा या घनसावंगी भागात मिळणाऱ्या वस्तू कडब्यापेक्षा प्रथिनांनी सरस आहेत. त्या साठवून या दिवसांसाठी राखाव्यात. दूध तोडताना जी मेंढी दीडच्या खाली आहे, ती पुढील आषाढापर्यंत सावरणे कठीण. तिचे दात पाहावेत आणि मग ठेवण्या-काढण्याचा निर्णय घ्यावा.

जालना जिल्ह्याने १९७२ चा दुष्काळ पाहिला. १९८१ साली स्वतंत्र जिल्हा झाल्यानंतर २०१२-१३ चाही पाहिला. अशा वर्षी सर्वच मेंढ्या वाळतात आणि सर्वच विकाव्याशा वाटतात. त्या वेळी काट्यावर जड म्हणून गाभण मेंढी आधी बाजारात जाते, असे घडता कामा नये. तिच्या वजनातले पाच किलो हे पुढील वर्षाचे आहेत.

जुळे कोकरू

दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. त्यामुळे पाश्चात्त्य देशांत मेंढपाळांना सतावणारा एक रोग आपल्याकडे पूर्वी फारसा चर्चेत नव्हता. पोटात जुळे असलेल्या मेंढीची शेवटच्या आठवड्यांत साखरेची गरज इतकी वाढते की ती चरबी वेगाने मोडू लागते. यकृताला तो भार पेलत नाही, रक्तात विषारी द्रव्ये साठतात. मेंढी कळपातून मागे पडते, आंधळ्यासारखी उभी राहते, दात खाते, तिच्या श्वासाला नखांच्या रंगासारखा गोडसर वास येतो आणि दोन-चार दिवसांत ती बसते ती उठत नाही. अगदी रोड मेंढीला हा रोग होतो तसा अतिपुष्ट मेंढीलाही होतो. कारण तिच्या पोटात चरबीमुळे चाऱ्याला जागाच राहत नाही आणि मोडावयास चरबी मात्र भरपूर असते.

आता हा प्रश्न महाराष्ट्रातही विचारात घ्यावा लागेल. सातारा जिल्ह्यातील फलटण येथे निंबकर कृषी संशोधन संस्थेने डॉ. चंदा निंबकर यांच्या नेतृत्वाखाली बंगालमधील सुंदरबनाच्या लहानखुऱ्या गरोल मेंढीतील जुळे देण्याचा गुण दख्खनी मेंढीत आणला. या गुणास कारणीभूत असलेल्या जनुकाची नेमकी ओळख २००१ साली पटली, त्यामुळे कोणत्या मेंढीत तो आहे हे रक्ताच्या तपासणीवरून सांगता येऊ लागले. या सुधारित मेंढीला ‘नारी सुवर्णा’ असे नाव आहे आणि तिचे नर मेंढपाळांच्या कळपांत पोहोचले आहेत. वर्षाकाठी त्याच मेंढीपासून अधिक कोकरे विकता येणे हे लहान मेंढपाळाच्या दृष्टीने मोठेच उत्पन्न आहे. परंतु वरचा हिशेब जुळ्यांसाठी पुन्हा मांडून पाहावा. एका कोकरासाठी चार किलोंपैकी अडीच किलो चरबी गेली; दोन कोकरांसाठी ती अंगी असलीच पाहिजे, नाही तर बाहेरून पुरविली पाहिजे. जुळ्यांची मेंढी घ्यावयाची आणि तिला शेवटच्या सहा आठवड्यांत पूर्वीसारखेच मोकळ्या रानावर सोडावयाचे, यात तोटाच संभवतो. अशा मेंढ्यांचा शंभराव्या दिवशी हात लावून वेगळा गट करणे, त्यांना खुराक दोन वेळा विभागून देणे आणि त्या दिवसांत लांबची पायपीट टाळणे आवश्यक आहे.

या कामी मार्गदर्शनाची सोय आहे. परभणी येथे १९७२ पासून पशुवैद्यक महाविद्यालय कार्यरत असून जालना जिल्ह्यातील मेंढपाळांना ते जवळचे आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचे मुख्यालय पुण्यास असून मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरजवळ पडेगाव येथे त्याचे प्रक्षेत्र आहे. राजे यशवंतराव होळकर महामेष योजना २०१७ साली सुरू झाली. तीत २० मेंढ्या व एक मेंढा असा गट ७५ टक्के अनुदानावर देण्याची तरतूद करण्यात आली. गट निवडून घेण्याचा दिवस ठरला की लाभार्थ्याने दात पाहावेत आणि प्रत्येक मेंढीच्या कमरेवर, शेवटच्या बरगडीमागे, हात ठेवून पाहावा. गाभण म्हणून दाखविल्या जाणाऱ्या मेंढीच्या बाबतीत तर अवश्य.